फ्रिजमधला पेढ्यांचा पुडा

*पत्र:* मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका हायस्कुलातून गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. ३२ वर्षं नोकरी झाली. माझ्या हाताखाली दहावीला गणितात नापास झालेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. माझी धाकटी मुलगी २६ वर्षांची आहे. आमच्याच मराठी शाळेत शिकली, कायम पहिली. सीए करते आहे. पुण्यात तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी, केली. फायनलला तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप. दुसरा ग्रुप दुसऱ्या प्रयत्नात निघाला, पण पहिला ग्रुप आता तिसऱ्यांदा राहिला, आणि तोही दोन मार्कांनी. ३०० पैकी १५० लागतात, तिला १४८ पडले. एएफएमला (वित्तीय व्यवस्थापन) ६१, एफआरला (वित्तीय अहवाल) ४५, ऑडिटला (हिशेब तपासणी) ४२. निकालाच्या दिवशी सकाळीच मी दोन किलो कंदी पेढे आणून ठेवले होते. ते तसेच फ्रिजमध्ये आहेत. नातेवाइकांना मी ‘निकाल राखून ठेवलाय’ असं सांगितलं आहे. चुलत भावाच्या लग्नाला ती आली नाही. ‘अपयश ही यशाची पहिली पायरी’ हा सुविचार मी कितीतरी वेळा शाळेच्या फळ्यावर लिहिला. परवा जेवताना तिला तेच म्हणालो, तर ती ताटावरून उठली आणि माडीवर निघून गेली. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भर म्हणून रोज सांगतो, ‘बघू’ म्हणते. तिला अपयश पचवायला कसं शिकवू?

सर, नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मुलीची काळजी वाटली, तिसऱ्यांदा वाचताना तुमची जास्त वाटली. तुम्ही मार्क लिहिलेत, ग्रुप लिहिलेत, पेढे किती किलो आणले तेही लिहिलंत. मुलगी काय म्हणते ते मात्र एका ‘बघू’शिवाय कुठेच नाही. ती उठली, ती माडीवर गेली, ती लग्नाला आली नाही. बहुतेक ती बोललेलीच नाही, कारण तिला तसं कोणी विचारलेलंच नाही.

तिला अपयश पचलेलं नाही असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. एकदा राहिल्यावर जी मुलगी पुन्हा पुस्तकं उघडते, दुसऱ्यांदा राहिल्यावर पुन्हा फॉर्म भरते, मधल्या काळात एक ग्रुप काढून दाखवते, तिला ते पचवता येतं. निकालाच्या दिवशी रोल नंबर टाकून तिनेच तो आकडा पहिल्यांदा वाचला असेल. तो वाचून ती खाली आली असेल आणि तुम्हाला सांगितलं असेल. त्यानंतर तुमच्या घरात तो आकडा कोणी मोठ्याने उच्चारलेला दिसत नाही. म्हणून माझं उत्तर तुम्हाला कडू लागेल, पण तुम्ही विश्वासाने लिहिलंत म्हणून सरळच सांगते. हे अपयश घरात एकाच माणसाने स्वीकारलेलं आहे, आणि ती तुमची मुलगी आहे. शिकायचं तुम्हाला आहे.

आधी त्या पुड्याचं बोलू. रोज सकाळी दुधाचं पातेलं काढायला कोणीतरी फ्रिज उघडत असेल. तुमच्या मंडळी, तुम्ही, ती. प्रत्येकाला तो पुडा दिसतो, आणि प्रत्येक जण तो दिसला नाही असं दाखवून दार लावतो. फेकवत नाही, कारण अन्न आहे. वाटवत नाही, कारण कशाचे म्हणून वाटायचे. कंदी पेढे टिकतात, आपल्या साताऱ्याकडचा खवा खरपूस भाजलेला असतो, पण म्हणून ते कायमचे ठेवायचे नसतात. आज रात्री तो पुडा बाहेर काढा. अजून चांगले असतील तर बशीत काढून तिच्यासमोर ठेवा आणि एवढंच म्हणा, “हे मी तुझ्या निकालाचे म्हणून आणले होते. निकालाआधी आणायला नको होते. घाई केली मी.” खराब झाले असतील तरी तिच्या देखतच टाका आणि हेच म्हणा. तिच्या मनावर १४८ चं जेवढं ओझं असेल, तेवढंच त्या दोन किलोंचंही असेल. वडिलांनी आपल्यावर विश्वासाने खर्च केला आणि आपण तो वाया घालवला, हे तिला दिवसातून चार वेळा, दूध घेताना, आठवत असणार.

आता तो सुविचार. तो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ‘पहिली पायरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, पायरी चढून झाली, आता पुढे बघ. तिच्यासाठी ती पहिली नाही, तिसरी आहे, आणि त्या पायरीवर ती अजून उभी आहे. त्या पायरीचा दगड कुठे हलतो आहे ते तिला कोणाला तरी दाखवायचं आहे. तुम्ही तिला थेट वरच्या मजल्याचं बोलून दाखवलंत. ती ताटावरून उठली ती रागाने नसेल. ऐकणारं कोणी नाही असं वाटलं की भूक मरते, एवढंच ते असेल.

तुम्ही गणिताचे मास्तर, म्हणून एक हिशेब तुमच्यापुढे ठेवते. २०२५ च्या मे महिन्यात सीए फायनलचा फक्त पहिला ग्रुप बघितला, तर ६६,९४३ जण बसले आणि १४,९७९ पास झाले. टक्केवारी २२.३८. दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांमध्ये २९,२८६ पैकी ५,४९० पास, म्हणजे १८.७५ टक्के. हे सगळे बारावीनंतर चाळणीतून आलेले, फायनलआधीची इंटर परीक्षा काढलेले, वर्षानुवर्षं ऑफिसात घासून तयार झालेले विद्यार्थी. तरीही शंभरातले जवळजवळ ७८ त्या दिवशी पहिल्या ग्रुपला राहिले. तुमच्या दहावीच्या वर्गात ७८ टक्के मुलं नापास झाली असती, तर तुम्ही मुलांना दोष दिला नसता, पेपर काढणाऱ्याकडे बघितलं असतं. इथे पेपर काढणाऱ्यालाही दोष देऊ नका. ही परीक्षा आहेच तशी. या वाटेवर एकदाही न अडखळता गेलेले असतात, पण थोडे. तुमच्या गावात, तुमच्या ओळखीत जे सीए आहेत त्यांना एकदा खाजगीत विचारून बघा, किती अटेम्प्ट लागले. पाटीवर नावापुढे ‘सीए’ लिहिताना अटेम्प्टचा आकडा कोणी लिहीत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे एका झटक्यात झाले.

पण सर, टक्केवारी सांगून मी तुमचं समाधान करू पाहते आहे असं समजू नका. कारण याच्या पुढे एक जागा आहे जिथे तुमचं पत्र मला जास्त अडचणीचं वाटलं. ‘तोही दोन मार्कांनी.’

दोन मार्कांनी गेलेलं अपयश वीस मार्कांनी गेलेल्या अपयशापेक्षा जास्त त्रास देतं. वीसने गेलं तर माणूस मुकाट्याने पहिल्या धड्यापासून सुरू करतो. दोनने गेलं की सगळं घर त्या दोन मार्कांच्या मागे लागतं. तपासणाऱ्याने हात आखडला असेल. ते एक वाक्य लिहिलं असतं तर. त्या दिवशी पुण्यात रिक्षा उशिरा मिळाली. एकदा नशिबाला धरलं की मग पेपर कोणी बघत नाही. म्हणून तुम्ही ते ‘दोन मार्क’ आता मनातून काढून टाका. गणिताने बघा. तिला ६१, ४५ आणि ४२ आहेत. प्रत्येक पेपराला किमान ४० लागतात, आणि तिन्हींची बेरीज १५०. म्हणजे ऑडिटला ती काठावर होती. तिथे तीन मार्क कमी पडते तर बेरीज १५५ असूनही ग्रुप गेला असता. मुलगी दोन मार्कांनी गेली हे खरं, पण दुखणं ऑडिटमध्ये आहे, हे आकड्यांवरून तुम्हाला दिसायला हवं होतं. तुम्ही शाळेत उत्तर चुकलं की मुलांना ताळा करायला लावत असाल ना? इथे तुम्ही उत्तराकडेच बघत बसलात.

आणि एक हातचा तुम्ही धरलेलाच नाही. ग्रुप गेला तरी ज्या पेपराला ६० किंवा जास्त पडले, त्या पेपराची सूट मिळते. तिचा एएफएम सुटला. या नेहमीच्या सवलतीत तो पेपर पुढच्या तीन परीक्षांपर्यंत पुन्हा द्यावा लागत नाही आणि ते ६१ पुढच्या बेरजेत धरले जातात. म्हणजे पुढच्या वेळी तिला दोनच पेपर, आणि त्या दोन्हींत मिळून ८९ लागतात, प्रत्येकी ४० च्या खाली न जाता. या वेळी त्या दोन पेपरांत तिला ८७ पडले होते. मागच्या वेळी तीन पेपर होते, आता दोन. तिसऱ्या प्रयत्नाला तुम्ही अपयश म्हणता, पण त्या प्रयत्नात एक अवघड पेपर तिने हातावेगळा केल्यासारखा केला. हे तिच्या लक्षात असणारच. तुमच्या तोंडून एकदा निघालं, तर तिला बरं वाटेल. आणि एएफएम हा आकडेमोडीचा विषय आहे, सर. ते ६१ कुठून आले असतील, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता करण्यासारखी एक गोष्ट. निकालानंतर ठरावीक दिवसांत फी भरून आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. तिने अजून मागवली नसेल तर तिला विचारा, मागवायची का. तुम्ही स्वतः परस्पर मागवू नका. ती आली की दोघं बसा, ऑडिटचा पेपर पुढ्यात घेऊन. मार्क वाढवून घ्यायचा तो मार्ग नाही, आणि त्या आशेने बसलात तर पुन्हा त्याच दोन मार्कांत अडकाल. कुठे काय लिहिलं, ते बघायला बसायचं.

ऑडिटचा पेपर आकडेमोडीचा नसतो. एक प्रसंग दिलेला असतो. एखाद्या कंपनीने अमुक केलं, ऑडिटरच्या हाती तमुक कागद आला, आता त्याने काय करायला हवं. ते कोणत्या ऑडिटिंग स्टँडर्डनुसार, हे सांगावं लागतं, आणि त्या स्टँडर्डच्या भाषेच्या जवळपास राहून लिहावं लागतं. शंभरातले तीस मार्क बहुपर्यायी प्रश्नांना, बाकी सगळं लिहिणं. ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. तुमची लेक दहावीपर्यंत मराठीतून शिकली. तिला विषय कळत नाही असं मी अजिबात म्हणत नाही. तीन वर्षं ऑफिसात तिने लोकांची ऑडिटं केली आहेत. पण तीन तासांत इंग्रजीत पानांमागून पानं लिहिणं हे वेगळं काम आहे, आणि ते हाताला सवय लावूनच येतं. कदाचित शेवटचा प्रश्न घाईत उरकला असेल. कदाचित उत्तर बरोबर आहे पण निष्कर्ष लिहायचा राहिला. कदाचित बहुपर्यायी प्रश्नांतच मार्क गेले असतील. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही. प्रत उघडली की दिसेल.

तुम्हाला ऑडिट येत नसेल, तर फारच उत्तम. ते का, हे सांगायला मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला फिजिक्समध्ये नापास झाले होते. निकाल कॉलेजच्या फलकावर लागायचा. माझ्या नंबराच्या पुढचा नंबर होता, मागचाही होता. घरी येऊन सांगितलं आणि पुढे आठ दिवस घरात त्या विषयाचं कोणी नाव काढलं नाही. आई नेहमीसारखी वाढायची, पण ‘अजून एक घे’ म्हणायची नाही. शेजारच्या काकू आल्या की मला मागच्या दाराने दळणाला पाठवायची. मला तेव्हा वाटायचं, वडिलांनी चिडावं, दोन शब्द बोलावेत, म्हणजे मोकळं होईल. वडील पोस्टात होते, सातवी शिकलेले. नवव्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, “कुठं अडलं?”

मी कारणं सांगायला लागले. आदल्या आठवड्यात ताप होता, बाईंनी पोर्शन पूर्ण केला नव्हता, वगैरे. ते म्हणाले, “ते राहू दे. का ते नको. कुठं अडलं ते दाखव.” मी वही आणली. ते चष्मा लावून कंदिलासमोर बसावं तसे ट्यूबलाइटखाली बसले आणि मी त्यांना थर्मोडायनॅमिक्स सांगायला लागले. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून ते प्रत्येक शब्दाला अडवायचे. हे म्हणजे काय? मग ते का होतं? आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की एन्ट्रॉपी मला कधी कळलेलीच नव्हती. मी ती पाठ केली होती. कळलेल्या माणसासमोर मी ती व्याख्या धडाधड म्हणून सुटले असते. न कळणाऱ्या माणसासमोर सुटता आलं नाही.

ऑक्टोबरला विषय निघाला. पण आज, इतक्या वर्षांनी, मला पास झाल्याचा दिवस नीट आठवत नाही. ती रात्र आठवते. ‘का नापास झालीस’ विचारलं की मुलगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि बचाव करायला लागते. ‘कुठं अडलं’ विचारलं की ती तुमच्या शेजारी येऊन बसते आणि दोघं मिळून वहीत बघता. तुम्ही तर ३२ वर्षं मुलांच्या गणितात बोट ठेवून ‘इथे चुकलं बघ’ म्हणत आलात. परक्या मुलांना जे दिलंत तेच घरात द्यायचं आहे. बाप म्हणून ते अवघड जातं, हे मी समजू शकते.

तुम्ही कऱ्हाडचे, म्हणून एक नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या शेजारचं गोळेश्वर, आणि तिथले पैलवान खाशाबा जाधव. १९५२ चं हेलसिंकी ऑलिंपिक, ब्राँझ पदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक. हे तुमच्याकडच्या पोरासोरांना पाठ आहे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून त्यांना पाठवायला सात हजार रुपये उभे केले, तेही आपण अभिमानाने सांगतो. पण १९४८ कोणी सांगत नाही. त्या वर्षी खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. सगळी कुस्ती लाल मातीत शिकलेला हा पैलवान तिथे मॅटवर उतरला होता. मातीत पाय रोवता येतो, मॅटवर तसा येत नाही. नियम वेगळे, गुणांची पद्धत वेगळी. त्यांनी परत येऊन मातीचा मोठेपणा सांगत बसण्याऐवजी मॅटची कुस्ती आपलीशी केली आणि चार वर्षांनी वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये, उतरून पदक आणलं. ताकद त्यांच्याकडे १९४८ सालीही होती. मॅट नवी होती. तुमच्या मुलीचं ऑडिट मला तसं वाटतं. विषय तिचा आहे, मॅट अजून परकी आहे.

हे उदाहरण मात्र तिला सांगू नका. निदान आत्ता नाही. ‘खाशाबांनीसुद्धा’ असं सुरू केलंत तर ती पुन्हा उठून जाईल, आणि तिचं बरोबर असेल. सहावा आलेला प्रत्येक जण चार वर्षांनी पदक आणत नाही. उमेद धरायची म्हणून आपण फक्त आणणाऱ्यांच्या गोष्टी सांगतो आणि मुलांना वाटतं, अपयश म्हणजे यशाचा हप्ता आहे, भरला की पावती मिळणार. तसं नसतं. गोष्ट मी तुमच्यासाठी सांगितली.

नातेवाइकांचं. ‘निकाल राखून ठेवलाय’ हे तुम्ही तिला वाचवायला म्हणालात, मला खात्री आहे. पण त्याचं काय झालं बघा. आता घरात कोणी आलं की तिला तुमचं खोटं सांभाळावं लागतं. लग्नात दहा जणांनी विचारलं असतं, ‘लागला का गं निकाल?’, आणि तिला दहा वेळा वडिलांच्या शब्दाला शब्द जुळवावा लागला असता. म्हणून ती आली नाही. नापास झाल्याची लाज तिला किती आहे मला माहीत नाही. आपल्यामुळे वडिलांना खोटं बोलावं लागतं याची लाज मोठी असणार. आधी तिला विचारा, “मी लोकांना काय सांगू?” ती म्हणेल ते सांगा. बहुधा ती म्हणेल, खरं ते सांगा. मग भावाला स्वतः फोन करा आणि एका दमात सांगून टाका: दुसरा ग्रुप झालाय, पहिला राहिलाय, एएफएम सुटलाय, ती बघून ठरवेल. फोन करताना ती घरात असावी, तुमचा आवाज तिच्या कानावर जावा. समोरून ‘अरेरे’ येईल. येऊ द्या. दोन दिवस चर्चा होईल आणि मग कोणाच्या तरी घरी दुसरं काहीतरी होईल.

फॉर्मचा तगादा आजपासून बंद. २०२५ पासून फायनलही वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. पूर्वी एक अटेम्प्ट गेला की सहा महिने थांबावं लागायचं. मुलं त्या थांबण्याला कंटाळायची, पण त्यात श्वास घ्यायला वेळ होता. आता निकाल लागतो न लागतो तोच पुढचा फॉर्म समोर येतो, आणि घरची माणसं लगेच तो भरायला लावतात, कारण फॉर्म भरला की सगळ्यांना बरं वाटतं, काहीतरी सुरू झालं असं वाटतं. तिचं ‘बघू’ खरोखरचं ‘बघू’ आहे. ते टाळणं नाही. तिला उत्तरपत्रिका बघायची असेल. लगेच बसायचं की एक अटेम्प्ट सोडून नीट तयारीने बसायचं, हे तिला ठरवायचं असेल. कदाचित मधल्या काळात पुण्यात नोकरी धरून अभ्यास करायचा असेल. इंटर झालेल्या आणि आर्टिकलशिप केलेल्या मुलीला काम मिळतं आणि स्वतःच्या पगारातून फॉर्म भरताना पोटातली भीती थोडी कमी असते. आणि कदाचित, सर, तिला थांबायचंही असेल. मला तसं वाटत नाही, दोन पेपर उरलेले असताना मी स्वतः थांबले नसते. पण तिने तसं ठरवलं तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. थांबेन म्हणायची मुभा जिथे आहे, तिथेच मूल मोकळेपणाने ‘परत बसते’ म्हणू शकतं.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा, आणि हे मी गंभीरपणे लिहिते आहे. झोप पूर्ण उडाली, जेवण तुटलं, आंघोळ-कपडे यांत लक्ष उरलं नाही, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसते तर बरं’ अशी वाक्यं आली, तर ते अभ्यासाचं दुखणं राहिलं नाही. तिथे सुविचार, पेढे, उत्तरपत्रिका काही कामाचं नाही. एकटं सोडू नका, थेट विचारा, आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा फोन आहे, केव्हाही लावता येतो, मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी तुम्हीसुद्धा लावू शकता.

शेवटी तुमच्या पत्राच्या सुरुवातीचं एक वाक्य. ३२ वर्षांत गणितात नापास झालेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी त्या वाक्यावर बराच वेळ अडकले. ती मुलं कोण, सर? नावं आठवत असतील तुम्हाला, तुमच्यासारख्या मास्तरांना नापासांची नावं जास्त आठवतात. त्यातला एखादा अजून त्याच भागात असेल. कुणाची पिठाची गिरणी, कुणाचं ट्रॅक्टरचं गॅरेज, कुणाची ऊसतोडीची टोळी. रस्त्यात दिसला की गाडी थांबवून ‘नमस्कार सर’ म्हणत असेल, आणि तुम्ही ‘काय रे, बरंय ना?’ म्हणून पुढे जात असाल.

एकदा त्याच्याकडे जा. त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांची गर्दी नसेल अशा वेळी. तो खुर्ची पुसून देईल, चहा सांगेल. चहा येईपर्यंत त्याला विचारा, दहावीचा निकाल लागला त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या घरात काय झालं होतं, कोण काय बोललं होतं, आणि कोणी काय बोलायला हवं होतं. तो आधी हसून उडवून लावेल. तुम्ही उठू नका. थोडा वेळ बसा, तो सांगेल. मग घरी या, आणि माडीवर जाण्याआधी मला काही लिहायचं असेल तर जरूर लिहा.